झायनची नॅरोज : नदीच्या पात्रातून एक दिवस, आणि त्याच्या आगेमागे

पहिला दिवस, शुक्रवार : लास व्हेगास ते स्प्रिंगडेल

नॅरोज म्हणजे अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीने कोरलेली अरुंद घळ. तिच्यात नदीच्या पाण्यातूनच वर चालत जायचं असतं. लास व्हेगासपासून उद्यानाच्या तोंडाशी असलेल्या स्प्रिंगडेल गावापर्यंतचं अंतर साधारण 160 मैल, म्हणजे गाडीने पावणेतीन तास. घड्याळात मात्र पावणेचार तास जातात, कारण नेवाडा सोडून यूटात शिरलं की वेळ एक तासाने पुढे सरकते. बूट आणि काठ्या भाड्याने देणारी दुकानं संध्याकाळी बंद होतात, त्यामुळे हा हरवलेला तास आधीच हिशेबात धरायचा. आम्ही पाच जण होतो, तिघं व्हेगासचे आणि दोघं फीनिक्सहून आलेले. दुपारी बाराला निघालो आणि साडेचारला स्प्रिंगडेलमध्ये पोचलो.

मेस्किट मागे पडलं की आय-15 महामार्ग अॅरिझोनाचा एक कोपरा कापत व्हर्जिन नदीच्या दरीतून जातो. या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघावं, वळणं तशीच आहेत. बाकीच्यांनी खाली नदीकडे बघावं. दुसऱ्या दिवशी ज्या पाण्यातून चालायचं, तेच पाणी इथून पुढे लेक मीड या जलाशयाला जातं. दरीत शिरताना काचेवर सर आली, बाहेर पडेपर्यंत ऊन पडलं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात या भागाचं हवामान असंच असतं. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा वळवासारखा दुपारचा पाऊस संपलेला असतो, पण पॅसिफिककडून येणारे थंड हवेचे पट्टे सुरू झालेले असतात. असा एक पट्टा रविवारी पोचणार होता. शनिवार संध्याकाळपर्यंत बरा, असा अंदाज होता.

स्प्रिंगडेलला पोचल्यावर पहिलं काम पार्कच्या व्हिजिटर सेंटरवरचा फलक बघणं. त्यावरच्या तीन गोष्टी वाचून समजून घ्यायच्या : नदीचा प्रवाह, पाण्याचं तापमान आणि अचानक पूर येण्याची शक्यता.

प्रवाह घनफूट प्रतिसेकंदात देतात. एक घनफूट म्हणजे 28 लिटरपेक्षा थोडं जास्त. त्या दिवशी आकडा 46 होता, म्हणजे सेकंदाला साधारण 1,300 लिटर. पन्नासच्या आत प्रवाह असेल तर बहुतेक ठिकाणी पाणी पोटरी ते मांडीपर्यंत आणि काही डोहांत कमरेच्या वर. सत्तरच्या पुढे पाण्याची ओढ चांगलीच जाणवते, आणि कमी उंचीच्या किंवा हलक्या माणसाचे पाय उचलले जायला लागतात. 150 च्या वर पार्क खालून वर जाण्याची ही वाट बंदच करतं. वसंतात वरचं बर्फ वितळतं तेव्हा ती कित्येक आठवडे बंद असते.

पुराच्या शक्यतेच्या चार पायऱ्या आहेत : अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य आणि अपेक्षित. शनिवारसाठी ‘शक्य’ होतं, रविवारसाठी ‘संभाव्य’. टेबलामागे बसलेल्या रेंजर बाईंनी नकाशा उलगडून उत्तरेकडे बोट ठेवलं आणि सांगितलं, घळीत उभं राहून डोक्यावरचं आकाश बघू नका, त्याचा उपयोग नाही; इथे वर काय चाललंय ते विचारा.

त्यांचं बोट मार्कागुंट पठारावर होतं. नॅरोजमधलं पाणी त्या पठाराच्या उतारांवरून येतं, आणि पठाराचे वरचे भाग दहा हजार फुटांच्या आसपास आहेत. तिकडे ढग फुटला तर इकडे तासन्तास ऊन असू शकतं. वर उघडा कातळ, माती पातळ, झाडी विरळ, त्यामुळे पाणी मुरत नाही, सगळं ओढ्यांत उतरतं आणि शेवटी वीस-तीस फूट रुंदीच्या फटीत येऊन कोंबलं जातं. 12 ऑगस्ट 1997 ला अॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 जण वाहून गेले, तेव्हा पाऊस घळीपासून काही मैल लांब पडला होता. झायनमध्येच 14 सप्टेंबर 2015 ला कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा गट बुडाला. 2022 च्या ऑगस्टमध्ये नॅरोजमध्ये पूर आला आणि एका तरुणीचा जीव गेला. हे आकडे भीती घालायला लिहीत नाही. अंदाज वाचायचा कंटाळा करू नये, एवढ्यासाठी लिहितो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्रवाहाचा जो आकडा मोबाइलवर दिसतो, तो मोजणारं केंद्र घळीच्या खालच्या अंगाला, स्प्रिंगडेलजवळ आहे. म्हणजे लोंढा आलाच तर तो आधी घळीतल्या माणसाला गाठतो आणि नंतर मोजपट्टीला. त्या आकड्यावरून निघायचं की नाही ते ठरवता येतं. आत गेल्यावर तो आकडा कामाचा नाही, आणि आत मोबाइलला रेंजही नसते.

सामानाचं थोडं सविस्तर, कारण इथेच लोक पैसे वाचवायला जातात. पाणी दहा अंशांच्या आसपास होतं. अशा पाण्यात आठ तास चालायचं तर निओप्रीनचे, म्हणजे ऊब धरणाऱ्या जाड रबराचे मोजे, घळीत चालण्यासाठीचे मऊ रबरी तळव्याचे बूट, काठी आणि छातीपर्यंत येणारी पाणीरोधक पँट, हे चारही घ्यायचं. उन्हाळ्यात पँट लागत नाही. बूट निओप्रीनचे मोजे घालूनच मापून बघायचे आणि पुढे बोटं हलायला जागा हवी. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि मग जाड मोजेही गरम ठेवत नाहीत. घरचे ट्रेकिंगचे बूट आणू नका. पाणी आत धरून ते जड होतात, आणि शेवाळलेल्या गोट्यावर त्यांचा कडक तळवा टिकत नाही. काठी लाकडाचीच घ्यावी, खांद्यापर्यंत उंच आणि जाड. अॅल्युमिनियमच्या घडीच्या काठीचं बारीक टोक दगडांच्या फटीत अडकतं आणि पाण्याच्या जोराने काठी तिथेच वाकते.

रात्री खोलीवर मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि लवकर झोप.

दुसरा दिवस, शनिवार : नॅरोज

पहिली बस पकडणं हे या दिवसाचं निम्मं यश आहे. दरीतल्या रस्त्यावर या मोसमात खाजगी गाड्या सोडत नाहीत, पार्कची बसच घ्यावी लागते. व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळी लवकर भरतं, म्हणून गावातून पायी किंवा गावच्या बसने जाणं बरं. सातच्या बसने पाऊणएक तासात शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावाला उतरलो. हवा सहा अंश. इथे शेवटचं स्वच्छतागृह आहे आणि पाणी भरायचा नळ आहे. माणशी तीन लिटर पाणी इथूनच न्यायचं. नदीचं पाणी गाळूनही प्यायचं नाही. 2020 पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया सापडले आहेत आणि त्यांचं विष ट्रेकिंगच्या फिल्टरने किंवा उकळून जात नाही. डोकं पाण्याखाली घालू नये, चूळ भरू नये, आणि ओल्या हाताने खाऊ नये. हात पुसायला आम्ही बाटलीतलं पाणी आणि एक पंचा वेगळा ठेवला होता.

पहिला एक मैल रिव्हरसाइड वॉकची सिमेंटची वाट. डावीकडे नदी, उजवीकडे कड्यातून झिरपणारं पाणी आणि त्यावर लोंबणारे नेचे. वाळवंटात हे नेचे कसे, याचं उत्तर दगडात आहे. वरचा नवाहो वालुकाश्म सच्छिद्र आहे, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि शेकडो वर्षं खाली सरकत राहतं. त्याखाली केयेंटा नावाचा चिकणमातीचा थर लागतो. त्यातून पाणी खाली जाऊ शकत नाही, म्हणून ते आडवं वाहतं आणि कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. सांधण दरी उतरलेल्या ट्रेकरला इथला फरक लगेच जाणवेल. आपला बेसॉल्ट पाणी फटींतून वाहून नेतो, इथला दगड ते पिऊन ठेवतो.

सिमेंटची वाट संपते तिथे पायऱ्या उतरून थेट नदीत. पुढची वाट म्हणजे नदीच. पावणेनऊला पाण्यात उतरलो. पहिल्या दोन मिनिटांत मोज्यात गार पाणी शिरतं तेव्हा परत फिरावंसं वाटतं. मग तेच पाणी अंगाच्या उबेने कोमट होतं आणि दिवसभर पाय गार पडत नाहीत.

पाण्यातून चालायची पद्धत आधी कोरड्यावर एकमेकांना दाखवून घ्यावी. तोंड वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतंय तिकडे. काठी पुढे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवायची आणि तिच्यावर थोडा भार द्यायचा. काठी आणि दोन पाय यांपैकी दोन टेके कायम जमिनीवर, तिसराच हलवायचा. पाय गोट्यांच्या माथ्यावर नाही, गोट्यांच्या मधल्या खाचेत ठेवायचा. नदी ओलांडताना अरुंद जागा बघून भुलायचं नाही, पाणी तिथेच खोल आणि जोरदार असतं. जिथे पात्र पसरट आणि पृष्ठभागावर बारीक लाटा थरथरताना दिसतात, तिथे उतार मिळतो. गुळगुळीत, गडद हिरवं पाणी म्हणजे डोह. कमरेच्या वर पाणी येणार असेल तर सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडायचा. पडलो तर सॅक अंगाला चिकटून पाण्याखाली ओढता कामा नये. फोन, जॅकेट, डबा सगळं पाणीरोधक पिशवीत, ती सॅकच्या आत. गटात सगळ्यांत उंच माणूस पुढे, सगळ्यांत हलका माणूस मध्ये.

अर्ध्या मैलावर उजव्या कड्यावरून मिस्टरी फॉल्स घरंगळत येतो. तिथपर्यंत गर्दी असते, पुढे ती झपाट्याने ओसरते. वेग तासाला एक मैलाच्या वर जात नाही. सह्याद्रीत तासाला तीन किलोमीटर चढणाऱ्यांनाही इथे तो हिशेब लागू पडत नाही, कारण प्रत्येक पाऊल चाचपून टाकावं लागतं. मांड्यांपेक्षा घोटे आणि डोळे आधी थकतात.

सिनावावापासून साधारण अडीच मैलांवर उजवीकडून ऑर्डरव्हिल कॅन्यन येऊन मिळते. पावणेअकराला तिथे पोचलो. या तिठ्याच्या पुढे वॉल स्ट्रीट नावाचा भाग. दोन्ही कडे हजार फुटांच्या वर चढलेले, मध्ये काही ठिकाणी जेमतेम बावीस-पंचवीस फुटांची फट, आणि या काठापासून त्या काठापर्यंत सगळं पाणी. ऊन तळापर्यंत येत नाही. ते वरच्या कड्यावर पडतं, समोरच्या भिंतीवर उडतं, तिथून परत पहिल्या भिंतीवर, आणि खाली येईपर्यंत पांढऱ्याचं नारिंगी झालेलं असतं. कोलोरॅडोहून आलेले एक वयस्क छायाचित्रकार तिवई पाण्यात रोवून या उजेडाची वाट बघत होते. त्यांनी सांगितलं की आकाशात थोडे ढग असलेले चांगले, निखळ उन्हात वरचा भाग फोटोत जळून जातो. त्यांच्या तिवईच्या प्रत्येक पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती. वाळूचे कण सांध्यात गेले की तिवई कायमची जाम होते.

वॉल स्ट्रीटच्या एका वळणावर डाव्या भिंतीत, दोन पुरुष उंचीवर, पाइनचं अख्खं खोड आडवं अडकलेलं आहे. साल पूर्ण सोललेली, मुळांत मुठीएवढे गोटे घट्ट बसलेले, आणि फांद्यांच्या खोबणीत वाळलेली चिखलाची पापडी. असं खोड दिसलं की एकदा पायाखालचं पाणी बघायचं आणि एकदा त्या खोडाकडे. मधलं अंतर म्हणजे पूर. या भागात चढून बसायला जागा जवळजवळ नाही. म्हणून आत शिरण्यापूर्वी शेवटची उंच, झाडं असलेली जागा कोणती, तिथून आपण किती मिनिटं पुढे आलोत, हे गटातल्या एकाने लक्षात ठेवायचं. जुनी झाडं उभी आहेत ती जागा सहसा पुराच्या वर असते. वाळू आणि काटक्या साचलेली जागा कितीही कोरडी दिसली तरी पुराच्या वाटेतलीच.

साडेअकराला एका वाळूच्या पट्ट्यावर डबे उघडले. थंडीत पोळी वातड होते आणि ब्रेड ओला होऊन फुटतो, म्हणून आम्ही दशम्या आणि धपाटे आणले होते. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ असते, धपाट्यातल्या तेलामुळे ते सुकत नाही, आणि सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. गार पाण्यात अंग सतत ऊब तयार करत राहतं, त्यामुळे भूक दुप्पट लागते. दर तासाला खिशातून थोडं काहीतरी खात राहावं. गुळाची चिक्की यासाठी उत्तम. शेजारच्या दगडावर बसलेल्या साल्ट लेक सिटीच्या तीन बहिणींना धपाटा दिला. त्यांनी बदल्यात सुकवलेले पीच दिले आणि तिखट काय आहे म्हणून विचारत आणखी एक धपाटा घेतला.

थांबताना पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखीचा दगड ठेवावा. उठताना तो बुडाला असेल तर पाणी चढतंय. त्यापेक्षाही आधी कळणारी खूण म्हणजे रंग. हिरवट पाणी दुधी झालं, त्यात पाइनच्या सुया, काड्या, फेस वाहत आला, किंवा वरून रेल्वे यावी तसा घरघराट ऐकू आला, तर खाली पळत सुटायचं नाही. पाण्याला हरवता येत नाही. जवळची उंच जागा गाठायची, अगदी पाच-सहा फूट उंच असली तरी चालेल, आणि पाणी उतरून स्वच्छ व्हायला लागेपर्यंत तिथेच बसायचं, रात्र झाली तरी.

आमचा दगड जागेवर होता, पाणी काचेसारखं होतं. पण बाराच्या सुमारास वरची आकाशाची पट्टी राखाडी झाली, घळीतून गार वारा यायला लागला आणि दहा मिनिटांत बारीक गारा पडल्या. मग परत ऊन. परतायची वेळ आम्ही सकाळीच साडेबारा ठरवली होती, कुठे का पोचलेले असेना. फ्लोटिंग रॉक हा नदीच्या मध्यभागी बसलेला प्रचंड दगड ओलांडून थोडं पुढे आलो होतो. परवान्याशिवाय जिथवर जाता येतं ते बिग स्प्रिंग, म्हणजे सिनावावापासून पाचएक मैल, अजून तासाभराच्या वर लांब होतं. साडेबाराला वळलो. वेळ सकाळी गरम खोलीत ठरवावी आणि घळीत ती बदलू नये. आत असताना पुढचं वळण नेहमीच जवळ वाटतं.

परतताना प्रवाह पाठीमागून असतो. वेग वाढतो, पण घसरणंही वाढतं, कारण पाणी पाय टेकण्याआधीच तो पुढे ढकलतं. बहुतेक घोटे परतीच्या वाटेवरच मुरगळतात. पावणेचारला सिमेंटच्या वाटेवर आलो. तेव्हा ऊन आणि भुरभुर एकाच वेळी चालू होतं आणि कॉटनवुडची पिवळी पडत चाललेली पानं ओली होऊन चमकत होती. कोरडे कपडे सॅकमध्ये वेगळ्या पिशवीत ठेवलेले असावेत आणि बसच्या रांगेत उभं राहण्याआधीच बदलावेत. शरीर चालायचं थांबलं की थंडी तेव्हाच भरते. शेवटच्या बसची वेळ थांब्यावर लिहिलेली असते, ती सकाळीच बघून ठेवायची.

तिसरा दिवस, रविवार : पाऊस

पहाटे चारपासून पाऊस. आठ वाजता फलकावर ‘संभाव्य’चं ‘अपेक्षित’ झालेलं होतं, साडेनऊला हवामान खात्याचा पुराचा इशारा आला आणि नॅरोज बंद झाली. इशारा उठल्यावरही किमान दोन तास ती उघडत नाहीत. पाऊस थांबला तरी वरचं पाणी वाटेत असतं. वर पठारावर बर्फ पडत होतं असं रेंजरने सांगितलं. ते एका अर्थी चांगलं, कारण बर्फ जागेवर राहतं, पाऊस धावत खाली येतो. अंदाजात बर्फाची रेषा किती उंचीवर आहे ते म्हणूनच बघावं.

अशा दिवशी खोलीत बसू नये. झायन पावसात बघण्यासारखं आहे. एरवी कड्यांवर उभ्या काळ्या रेघा दिसतात, त्या नेमक्या कशाच्या हे पावसात कळतं. प्रत्येक रेघेवरून एक धबधबा उतरत होता, काही इतके उंच की तळाशी पोचण्याआधीच वाऱ्यावर विरून जात होते. पारुस ट्रेल ही नदीकाठची सपाट, फरसबंद वाट यासाठी सुरक्षित आणि सोपी. वडीलधारे सोबत असतील तर व्हीलचेअरही नेता येते. नदी एका रात्रीत चहाच्या रंगाची झाली होती आणि काठाला काटक्यांचा थर लागला होता.

दुपारी अडीचला उघडीप मिळाली तेव्हा पूर्वेला निघालो. 1930 साली पूर्ण झालेला झायन–माउंट कार्मेल बोगदा 1.1 मैल लांब आहे. तो संपताच उजवीकडे छोटं पार्किंग आणि समोर कॅन्यन ओव्हरलुकची वाट, जाऊन-येऊन एक मैल. पार्किंग भरलेलं असेल तर रस्त्याकडेच्या पुढच्या मोकळ्या जागा बघाव्यात, बोगद्याच्या तोंडाशी घुटमळू नये. हा वालुकाश्म कोरडा असताना बूट घट्ट धरतो. ओला झाला की वरचे कण सुटतात आणि त्यावर पाऊल घसरतं. म्हणून उतरत्या कातळावर न जाता कोरलेल्या पायऱ्या आणि कठड्याच्या बाजूनेच चालायचं. जाणकार गिर्यारोहक पावसानंतर इथल्या कड्यांवर एक-दोन दिवस तरी चढत नाहीत, कारण ओल्या दगडात रोवलेली मेख सहज निसटते किंवा धरलेली कड तुटते. वाटेत दोन बिगहॉर्न मेंढ्या कपारीत पाऊस चुकवत उभ्या होत्या. टोकावर पोचलो तेव्हा खाली अख्खी दरी ढगांनी भरलेली, आणि मिनिटभरात ढग फाटून पाइन क्रीकची घळ आणि त्यापलीकडचे कडे दिसायला लागले.

संध्याकाळी पाचला मोजपट्टीचा आकडा 46 वरून 310 वर गेलेला होता. दुकानदाराने काठ्या परत घेताना सांगितलं की नॅरोज मंगळवारपर्यंत तरी उघडणार नाही, पाणी उतरलं तरी गढूळपणा दोन दिवस राहतो आणि तळ दिसल्याशिवाय पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही. म्हणून सहल आखताना नॅरोजसाठी एक ठरलेला दिवस ठेवू नका. तीन दिवस हाताशी ठेवा, अंदाज बघून त्यातला सगळ्यांत कोरडा नदीला द्या, आणि बूट-काठ्यांचं आरक्षण दिवस बदलता येईल अशाच दुकानात करा. परतताना व्हेगासकडे जाणाऱ्यांना तो हरवलेला तास परत मिळतो.